पहिल्या बोलीचा माणूस

सरांच्या आठवणींची एक पुस्तिका त्यांचे जुने विद्यार्थी काढताहेत. त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. "काका, तुम्ही शेवटपर्यंत सरांबरोबर होतात. दोन पानं द्या. जरा गोड असू द्या."

गोड लिहायचं तर सरांविषयी लिहिता येणार नाही. सर गोड नव्हते. कडूही नव्हते. कडू व्हायलासुद्धा समोरच्या माणसाकडे थोडं लक्ष द्यावं लागतं. सरांचं लक्ष माणसाकडे नसेच; तो माणूस कुठे डळमळतो, तेवढ्याकडे असे.

शिवाय सरांविषयी एक गोष्ट पसरलेली आहे. नाशकात नाही, हरसूलकडे. तिकडे त्यांना 'दलाल साहेब' म्हणतात. एका गावाला मिळणारी आंब्याची कलमं त्यांनी पैसे खाऊन दुसऱ्या गावाला दिली, असं सांगतात. हे साफ खोटं आहे. सर मूर्ख होते, चोर नव्हते. हा फरक मला पहिल्यापासून माहीत होता आणि मी तो कुणाला सांगितला नाही. पुस्तिकेत छापोत न छापोत, आता लिहून टाकतो.

चहापासून सुरुवात करतो, कारण माझी आणि सरांची सुरुवात तिथेच झाली.

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो, त्याने आम्हा पन्नाशीच्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कंपनीची होती, निवृत्ती आमची. घरी बसवेना. कुणीतरी सांगितलं, गंगापूर रोडवर एक प्राध्यापक आहेत, नोकरी सोडून स्वतःचं सर्वेक्षणाचं केंद्र चालवतात, त्यांना प्रश्न विचारणाऱ्या कॉलेजातल्या मुलांना घेऊन खेडोपाडी फिरणारा माणूस पाहिजे. गेलो. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आत भर उन्हाळ्यात बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घातलेला एक बुटका माणूस.

"चहा की कॉफी?"

"चहा."

"अर्धा कप चहा की पूर्ण कप कॉफी?"

मला वाटलं, दूध कमी असेल. म्हटलं, "अर्धा चहा चालेल."

"पाव कप चहा की पूर्ण कप कॉफी?"

"मग कॉफीच द्या."

सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्ही पाव आणि अर्ध्याच्या मधे कुठेतरी आहात!"

मी सायकलवरून आलो होतो आणि मला तहान लागली होती, एवढंच खरं. शेवटी चहाही आला नाही आणि कॉफीही नाही. उत्तर मिळालं की सरांच्या लेखी काम संपलेलं असे. पुढे मी त्या खोल्यांत बरीच वर्षं काढली. तेवढ्या काळात त्यांनी लोकांना चहा किती वेळा विचारला याला गणती नाही. पाजला फार थोड्यांना.

या पद्धतीला सर 'जिना' म्हणत आणि जिना हेच त्यांचं आयुष्य होतं. ते म्हणत, माणसाला 'तुम्हाला किती धीर आहे' असं विचारून काही कळत नाही. सगळेच म्हणतात, भरपूर. त्याला दोन गोष्टींतली एक निवडायला लावायची आणि त्याच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवायचा. आज शंभर रुपये घ्याल की महिन्याने सव्वाशे? 'आज' म्हणाला, तर पायरी वर: आज शंभर की महिन्याने दीडशे? तरी 'आज'? मग महिन्याने दोनशे. 'नंतर' म्हणाला की पायरी खाली. असं वर-खाली करत चार-पाच प्रश्नांत माणूस जिथे घोटाळतो, ती जागा सापडते. त्या जागेला सरांचा शब्द होता 'काठ'. ज्याला थोड्या फायद्यासाठी थांबता येतं त्याचा काठ लांब, तो धीराचा. थांबवत नाही त्याचा काठ जवळ.

सुरुवातीच्या काळात हे सगळं पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर होतं. लाकडी पेटीत निळ्या आणि पिवळ्या पत्त्या. प्रत्येकीवर एक प्रश्न, आणि खाली लिहिलेलं: 'आज' म्हणाल्यास अमुक निळी, 'नंतर' म्हणाल्यास तमुक पिवळी. आमची मुलं ती पेटी मांडीवर घेऊन बसली की गावातल्या बायका हात पुढे करत. त्यांना वाटे भविष्यवाला आला. पुढे लॅपटॉप आला आणि पत्त्या गेल्या, पण सर पेटी सोडायला तयार नव्हते. म्हणत, "यंत्राला घाई असते."

सर माणसांना नावाने ओळखत नसत, काठाने ओळखत. दारात दूधवाला आला की म्हणत, "काठ जवळचा आहे, उद्या बिल मागेल." शेजारच्या वकिलाबद्दल म्हणत, "लांब काठ, पण घसरतो." मला ते कायम 'सुपरवायझर' म्हणाले. ज्या कारखान्याने मला काढलं, त्याने दिलेलं एवढंच माझ्याकडे उरलं होतं.

एकदा मिसळ खायला गेलो. आम्ही चौघे, त्यात आमच्याकडची दोन कॉलेजातली मुलं. मिसळ समोर आली तेव्हा सरांनी मालकाला बोलावलं.

"एक पाव कमी घेतला तर रस्सा किती जास्त द्याल?"

मालक म्हणाला, "रस्सा फुकट आहे साहेब. लागेल तेवढा घ्या."

"नाही, समजा पाव दोन कमी घेतले?"

"अहो, पाव पण घ्या ना. जेवा आधी."

सरांनी चमचा खाली ठेवला. आमच्याकडे वळून अतिशय खिन्न आवाजात म्हणाले, "फुकट वस्तूला काठ नसतो." आणि उपाशी उठले. त्यांची मिसळ आम्ही वाटून खाल्ली. एक मुलगा म्हणाला, "सरांना विचारा, शहाणपण की मिसळ?" दुसरा म्हणाला, "दोन्ही नाही मिळालं." मी सुपरवायझर, मी त्यांना दटावायला हवं होतं. मी अजून एक पाव मागवला.

सरांच्या पत्नीला आम्ही बाई म्हणत असू. त्या शाळेत शिकवत आणि घर त्यांच्या पगारावर चाले. मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, तुमचं लग्न कसं झालं हो?"

"बघायला आले होते. वडिलांसमोरच मला विचारलं, शिकलेला गरीब नवरा की अडाणी श्रीमंत? मी म्हटलं, शिकलेला. मग म्हणाले, शिकलेला पण बहिरा की कमी शिकलेला पण ऐकणारा? तिसऱ्या प्रश्नाला माझे वडील उठले, 'चला, निघू दे यांना' म्हणाले."

"मग?"

"वडील उठले. मी बसून राहिले. चौथा प्रश्न काय असेल ते ऐकायचं होतं मला." मग म्हणाल्या, "बहिऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं, एवढंच."

तो स्वेटर बाईंनी विणलेला. उन्हाळ्यात का घालतात, विचारलं तर म्हणाल्या, "घालू की नको हे ठरवायला नको म्हणून." आणि ते खरं होतं. जगाला दोनांतलं एक निवडायला लावणाऱ्या या माणसाला स्वतः काहीही निवडता येत नसे. त्यांना कुणी उलट प्रश्न विचारला की म्हणत, "मी मोजणारा आहे."

आणि सर्वांत विचित्र गोष्ट ही की सरांनी आयुष्यात कधी भाव केला नाही. भाजीवाली म्हणाली जुडी दहाची, की दहा. रिक्षावाला म्हणाला चाळीस, की चाळीस. रविवार कारंजावर एका फळवाल्याने गमतीने दुप्पट भाव सांगितला. सरांनी तो मुकाट्याने दिला आणि फळवालाच ओशाळून चार चिकू जास्त टाकायला लागला. तेही त्यांनी घेतले नाहीत. म्हणत, "घासाघीस म्हणजे मनात एक आणि तोंडात एक. मी लोकांना मनातलं सांगायला शिकवतो. मीच कसं खोटं बोलू?" बाईंनी त्यांना बाजारात पाठवणं कधीच बंद केलं होतं.

मी मात्र भावातच वाढलो. मखमलाबादला आमचा मळा. मेथी, कोथिंबीर, सणाला झेंडू. पाटी डोक्यावर घेऊन वडील पंचवटीत जायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पहिल्या बोलीला मान हलवली तो माळी कसला?" व्यापारी भाव सांगायचा, वडील 'नाही' म्हणायचे. त्यांना माल विकायचाच असायचा, पाटी परत थोडीच न्यायची होती? पण 'नाही' हा पुढच्या भावाला दिलेला आवाज असतो, उत्तर नसतं. हे सांगतो, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

मुंबईच्या एका संस्थेने सरांना काम दिलं. डोंगराळ भागातल्या एका गावाला ती संस्था आंब्याची कलमं, कुंपण आणि पाण्याची टाकी देणार होती. कलमांना फळ धरायला वर्षं लागतात. तोवर त्यांना जगवायचं, उन्हाळ्यात पाणी घालायचं, शेळ्या राखायच्या. दोन गावं संस्थेच्या मनात होती. एक हरसूलच्या पुढचं, एक पेठकडचं. ज्या गावात थांबायची तयारी जास्त, त्या गावाला कलमं. कुठलं गाव धीराचं, ते सरांनी मोजून सांगायचं.

त्या कामाला निघायच्या आदल्याच आठवड्यात सरांनी केंद्रातल्या मुलांना जिना शिकवायला माझ्यावर प्रयोग केला. मी बहुतेक प्रश्नांना 'आज' म्हणालो. सर मुलांना म्हणाले, "पाहा. सुपरवायझरांचा काठ किती जवळचा आहे. म्हणूनच यांनी कंपनीकडून हप्ते न घेता सगळी रक्कम एकदम उचलली. थांबले असते तर जास्त मिळाली असती. वृत्ती असते एकेकाची."

मुलं हसली. मी एकदम पैसे घेतले, कारण मला दिसत होतं की कंपनी हप्ते द्यायला उरणार नाही. आणि उरली नाही. ज्यांनी हप्ते निवडले ते लांब काठाचे लोक अजून कोर्टात जातात. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "कारण मोजता येत नाही, सुपरवायझर. फक्त निवड मोजता येते."

हे मनात ठेवून मी हरसूलच्या गाडीत बसलो.

गावात पहिलं घर भिमाबाईचं. सत्तरीची असेल. अंगणात आंब्याचं मोठं झाड, तिच्या आजेसासऱ्याने लावलेलं. सून चुलीपाशी, कडेवर पोर. भिमाबाईने मला आधीच विचारून घेतलं होतं, "दादा, आंबं खरंच देनार काय? आंबं आलं तर माझी सून द्राक्षाला जायाची नाय. दर साली पोराला पाठीशी बांधून नाशकाकडं जाती. पोर बागेतल्या फवाऱ्याचा वास घेतं नि खोकत ऱ्हातं."

मी म्हटलं, "साहेब प्रश्न विचारतील. नीट उत्तरं दे."

सरांनी खाटेवर बसून आपल्या भाषेत नियम सांगितले: शेवटी तिच्या उत्तरांतून एक चिठ्ठी निघेल आणि त्या उत्तरात तिने जे निवडलं असेल तेच मिळेल, आज निवडलं तर आज, नंतर निवडलं तर महिन्याने. 'आपण निवडलेल्या पर्यायांपैकी एक पर्याय यादृच्छिक पद्धतीने' असं त्यांचं मराठी होतं. भिमाबाई मान डोलवत होती. मग पहिली पत्ती.

"आज शंभर की महिन्याने सव्वाशे?"

भिमाबाईने सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सुनेकडे. "आज."

"आज शंभर की महिन्याने दीडशे?"

आणि मी तिच्या डोळ्यांत ते पाहिलं. माझ्या वडिलांच्या डोळ्यांत शंभरदा पाहिलेलं. समोरचा वाढवतोय. आपण 'नाही' म्हटलं की वाढवतोय.

"आज."

"महिन्याने दोनशे?"

"नाय बा. आज." आणि तिने पदर तोंडाला लावून सुनेकडे पाहून डोळा मारला.

पेटीतली शेवटची निळी पत्ती येईपर्यंत ती 'नाय' म्हणत राहिली. धीराचा नि त्या उत्तरांचा काही संबंध नव्हता. म्हातारी सौदा करत होती. सरांनी चिठ्ठी काढली आणि तिच्या हातावर आजचे शंभर ठेवले. भिमाबाईने नोट उलटीपालटी केली.

"एवढं वाढीवलं नि शेवटाला शंभरच? ह्यो तं लय पक्का दलाल हाय!"

सून खो खो हसली. मीही हसलो. सर पत्तीवर खूण करत होते, त्यांना ऐकू आलं नाही.

मधे हरसूलचा बाजार आला. बाजारात गावभर झालं की साहेब नाय म्हटलं की वाढवतो, आपण नाय म्हणत ऱ्हायचं, उद्या-परवा शेवटचा भाव देईल. त्यानंतर ज्या घरात गेलो, तिथे उंबरठ्यावरूनच "आज!" ऐकू यायचं, प्रश्न संपायच्या आत. सर आनंदाने वेडे झाले होते. एसटीत माझा हात दाबून म्हणाले, "सुपरवायझर, असं गाव मी पाहिलं नाही. या गावाला काठच नाही! सरळ दरी आहे!"

पेठकडचं गाव आम्ही एका दिवसात उरकलं. तिथे सगळ्यांना सरपंचांच्या ओट्यावर बोलावलं होतं. सरपंच शेजारी सुपारी कातरत बसलेले. त्यांच्यासमोर हावरट दिसायला नको म्हणून झाडून सगळे 'नंतर' म्हणाले. त्या गावाच्या धीराने सरांचे डोळे पाणावले.

म्हणजे एका गावाचा सौदा मोजला गेला आणि दुसऱ्या गावाचा सरपंच. दोन्ही मला समोर दिसत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं: सर, ते भाव करताहेत. पण ज्या माणसाने मला मुलांसमोर उतावळा ठरवलं, तो कारण मोजत नव्हता ना? मग कारण मी कशाला पुरवू? खरं सांगायचं तर मला मजा येत होती. वाटलं, हा विद्वान कधी ना कधी स्वतःच उघडा पडेल आणि त्या वेळी मी कोपऱ्यात चहा पीत बसलेला असेन. अर्धा कप नाही, पूर्ण.

पण पंडित उघडे पडत नाहीत. ते छापले जातात. सरांनी अहवालात लिहिलं की हरसूलकडच्या त्या गावात भविष्याचा विचार करण्याची क्षमता अत्यल्प आहे. ज्या अंगणात बसून हे मोजलं, तिथे डोक्यावर आजेसासऱ्याने लावलेल्या आंब्याची सावली होती. सर वर कधी बघत नसत. संस्थेने अहवाल वाचला आणि कलमं पेठकडे गेली. हिवाळ्यात भिमाबाईची सून पोराला पाठीला बांधून द्राक्षाला गेली.

पुढच्या वर्षी आणखी कशासाठी तरी आम्ही त्याच गावावरून जात होतो. ओट्यावरची माणसं म्हणाली, "आला, दलाल साहेब आला!" सरांनी या वेळी ऐकलं. मला गाडीत विचारलं, "दलाल का म्हणतात मला?"

मी म्हटलं, "तिकडे मोठ्या माणसाला म्हणतात तसं. मानाने."

का म्हटलं, ते आजही सांगता येणार नाही. सहज सुचलं. सर खूश झाले. त्यानंतर पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की ते स्वेटर सारखा करून सांगत, "हरसूलकडे मला आदराने दलाल म्हणतात." पाहुणे एकमेकांकडे बघत. मुलं मोरीत जाऊन हसून येत. मी गंभीर चेहऱ्याने मान डोलवत असे. हे कितीतरी वर्षं चाललं.

मधल्या काळात 'दलाल' या थट्टेचं आरोपात रूपांतर झालं. हरसूलच्या स्टँडवर चहा पीत होतो, तेव्हा टपरीवाला म्हणाला, "तुमच्या साहेबानं किती घेतलं हो पेठवाल्यांकडून?" मला माहीत होतं की सरांच्या घरी बाईंच्या पगाराशिवाय पैसा नाही, संस्थेचे उरलेले पैसेसुद्धा त्यांनी पावत्यांसकट परत पाठवले होते. मी खांदे उडवले आणि म्हटलं, "मोठ्या लोकांचं आपल्याला काय कळतं?" टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

सर थकले ते अचानक. केंद्राला कुलूप लागलं, पेटी घरी गेली. एकदा बाईंचा फोन आला, "भाऊ, येऊन जा. तुम्हाला विचारताहेत."

गेलो. सर पलंगावर, अंगात स्वेटर होताच. मांडीवर त्या जुन्या निळ्या पत्त्या पसरलेल्या.

"सुपरवायझर, त्या हरसूलकडच्या गावातला प्रत्येक जण शेवटच्या पायरीपर्यंत गेला. एकही अडखळला नाही. माणूस अडखळतो हो. दरीत उडी मारतानासुद्धा अडखळतो. मी तेव्हा खूश झालो. आता वाटतं, हे माणसांचं उत्तर नव्हतं, ही काहीतरी ठरवाठरवी होती." मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय. आज सांगता की महिन्याने?"

बाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "महिन्याने."

"आज सांगितलंत तर बाई चहा करतील. महिन्याने सांगितलंत तर नुसतं पाणी."

"पाणी चालेल सर."

"आज सांगितलंत तर मी रागावणार नाही. महिन्याने सांगितलंत तर... सांगता येत नाही."

"महिन्याने."

सरांनी पुढची पत्ती काढली नाही. सगळ्या गोळा करून पेटीत ठेवल्या. म्हणाले, "तुमचा काठ मी चुकीचा काढला होता. तुम्ही फार थांबू शकता."

महिना भरायच्या आत सर गेले. मी 'पाणी चालेल' म्हणालो, त्या दिवशीही बाईंनी चहा केला होता. तो मी प्यायलो.

परवाच्या वैशाखात, पुस्तिकेचा फोन येऊन गेल्यावर, बाजाराचा दिवस बघून मी हरसूलला गेलो. भिमाबाई नाही आता. तिची सून कैऱ्यांचा ढीग लावून बसली होती. केस पिकलेत. मला ओळखलं नाही.

"कशा दिल्या?"

तिने भाव सांगितला. चढाच होता. मी खिशातून पैसे काढून तिच्या हातावर ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या बोलीला. वडील असते तर पाटी फेकून मारली असती.

ती पैशांकडे बघत राहिली. "बाबा, भाव न्हाय करत? असं एकच मानूस पाह्यलं व्हतं मी. आमच्याकडं येक दलाल साहेब यायचा. त्यानं बी अशाच कैऱ्या नेल्या व्हत्या. म्हनल तेवढं दिलं."

मी म्हटलं, "ते दलाल नव्हते. त्यांनी कुणाचे पैसे खाल्ले नाहीत. हे सांगायलाच आलोय."

"त्ये आमाला म्हाईतच हाय की." ती हसली. "पयल्या बोलीला द्येनारा कुटं दलाल आसतो व्हय? सासू मरेस्तवर हसायची. दलाल म्हंजे त्याला चिडवायला. खाल्लं बिल्लं त्ये ष्टॅंडवरलं लोक बोलत्यात." तिने कैऱ्या माझ्या पिशवीत ओतल्या, वर दोन जास्त टाकल्या. मग हात पुसत, सहज विचारावं तसं म्हणाली, "पन मंग आमची आंब्याची झाडं कुनी खाल्ली वो?"

हा प्रश्न सरांच्या पद्धतीचा नव्हता. त्यात 'हे की ते' नव्हतं आणि पुढची पायरी नव्हती. मी पिशवी खाली ठेवली, तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं.